प्रमाणपत्र मिळालं, पण काम जमलं का?

नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या माथ्यावर वसलंय तोरणमाळ. देशभरातल्या अंगणवाड्यांप्रमाणे इथल्या पाड्यांवरच्या बालकांच्या नोंदीही 2021 पासून ‘पोषण ट्रॅकर’ या मोबाइल अ‍ॅपवर होतात. अशा कामांचं प्रशिक्षणही आता पडद्यावर मिळू लागलंय: व्हिडिओ पाहा, प्रश्न सोडवा, प्रमाणपत्र घ्या.

त्याचा उपयोग झाला का, हे कसं ठरवायचं?

अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये चार कसोट्या मांडायला सुरुवात केली. प्रशिक्षण आवडलं का? समजलं का? कामाची पद्धत बदलली का? परिणाम दिसला का? पहिल्या दोन संगणक लगेच मोजतो. तिसरीसाठी मात्र अंगणवाडी गाठावी लागते.

उदाहरणार्थ, दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी आडवं झोपवून मोजतात. डोकं फळीला टेकलंय का, गुडघे सरळ आहेत का, हे प्रत्यक्षच पाहावं लागतं. त्याच बाळाला उभं करून मोजलं, तर साधारण 0.7 सेंटिमीटरचा फरक पडतो आणि खुजेपणाची नोंद चुकू शकते.

म्हणून प्रशिक्षणानंतर दोन-तीन महिन्यांनी पर्यवेक्षिकांनी काही बालकांची मापं पुन्हा घेऊन नोंदी ताडून पाहाव्यात. आणि जिथे रेंज नाही, तिथे धडे आधीच डाउनलोड करून द्यावेत.