यंत्र चांगले होते, दुभाषी नव्हता
(उत्सवातील भाषणाचा मजकूर)



दरवर्षी मी इथे मांडवाची वायरिंग बघतो आणि माइकपासून लांब राहतो. या वेळी कार्यवाहांनी 'घरातला कॉम्प्युटर' असा विषय देऊन मला उभेच केले. मी डिप्लोमावाला माणूस. कॉम्प्युटर शिकलो तो घरी, चुका करत करत. त्यातली एक चूक मला महागात पडली. तीच आज सांगतो.

ड्रायव्हर म्हटले की आम्हा रेल्वेवाल्यांना इंजिनातला माणूस दिसतो. कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर म्हणजे एक छोटा प्रोग्राम. त्याला दुभाषी म्हणावे. मी नवीन आलो तेव्हा भाजी आणायलाही शेजारच्या अण्णांना बरोबर न्यावे लागे. मला तमिळ येईना, भाजीवालीला मराठी. दोघांतही दोष नव्हता, पण अण्णा नसले की पिशवी रिकामी. प्रिंटर, स्कॅनर, साउंड कार्ड यांचे कॉम्प्युटरशी असेच असते.

२००० साली मी पहिला कॉम्प्युटर घेतला. असेंबल केलेला, ६४ एमबी रॅम, विंडोज ९८. बरोबर एक स्कॅनर घेतला, प्रिंटरच्याच पोर्टला जोडायचा. स्कॅनर घेतला तो वडिलांसाठी. आजोबा मुंबईला गिरणीत होते. त्यांनी आजीला लिहिलेली दीडेकशे पत्रे सांगलीच्या घरी ट्रंकेत होती. शाई उडत चालली होती. वडील म्हणाले, "याची नक्कल करून ठेव बाबा."

त्या काळी नवीन वस्तू जोडणे म्हणजे दिव्यच. कॉम्प्युटरचे लक्ष वेधायला प्रत्येक उपकरणाला एक ओळ लागे, तिला आयआरक्यू म्हणत. अशा ओळी एकूण १६, शून्य ते पंधरा. प्रिंटरच्या पोर्टची बहुधा सातवी. साउंड कार्डानेही सातवीच धरली की दोन्ही अडत. आपल्याकडे एका ब्लॉक सेक्शनमध्ये एका वेळी एकच गाडी सोडतात, तसेच ते. विंडोज ९५ पासून 'प्लग अँड प्ले' आले, म्हणजे जोडा आणि चालवा. लोक चेष्टेने 'प्लग अँड प्रे' म्हणत, जोडा आणि देवाचा धावा करा. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या प्रदर्शनात खुद्द बिल गेट्स यांच्यासमोर विंडोज ९८ ला स्कॅनर जोडून दाखवताना पडदा निळा पडला. तिथे ती गत, तर माझी काय कथा!

तरी माझा स्कॅनर चालला. वडील पहिल्यांदा इकडे आले तेव्हा निवडक पत्रे घेऊन आले. आम्ही ४१ पत्रे स्कॅन करून सीडीवर ठेवली. बाकीची पुढच्या खेपेला आणायची ठरली.

२००३ साली हौसेने मी जुने सगळे पुसून विंडोज एक्सपी टाकले. स्कॅनर बंद! विंडोज ९८ चा पाया जुन्या डॉसचा, एक्सपी एनटी या वेगळ्या घराण्यातले. ९८ मध्ये प्रोग्रामला थेट पोर्टशी बोलता येई. एक्सपीत ते चालत नाही, रीतसर मधल्या माणसामार्फत जावे लागते. तो नवा मधला माणूस कंपनीने माझ्या मॉडेलसाठी लिहिलाच नव्हता. मीटरगेजचे इंजिन कितीही धडधाकट असो, ते १००० मिलिमीटरच्या रुळांचे. १६७६ च्या ब्रॉडगेजवर त्याचा काय उपयोग? स्कॅनरचा दिवा लागत होता, काच स्वच्छ होती, आणि तो कपाटावर पडून राहिला.

वडिलांना म्हणालो, "पुढच्या वर्षी नवा घेतो." पुढच्या वर्षी हप्ते होते. मग २००५ च्या पावसाळ्यात कृष्णेला पूर आला आणि सांगलीत पाणी घरात शिरले. ट्रंक खालीच होती. वडिलांनी पत्रे दोरीवर वाळत घातली, पण कागदावर निळे डाग तेवढे उरले. ते मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

नंतर एका तमिळ सहकाऱ्याला हे सांगितले. तो म्हणाला, "अहो, डिस्कचे दोन भाग करायचे, एकात ९८ राहू द्यायचे." एवढेच! विचारले असते तर तासाभराचे काम होते. लिनक्सवर तर 'सेन' नावाच्या प्रकल्पात लोकांनी स्वखुशीने जुन्या स्कॅनरचे ड्रायव्हर लिहिले आहेत, हेही मला उशिरा कळले.

तंजावरच्या सरस्वती महालात भोसले राजांच्या दरबाराचे मोडी कागद आहेत. कागद शाबूत आहेत, पण वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. इथल्या मुक्तांबाळ छत्रावरून जाताना मला त्या कागदांची आठवण होते. वस्तू टिकवणे हे अर्धे काम, तिचा दुभाषी टिकवणे हे उरलेले अर्धे.

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे अनेक घरी पुन्हा कॉम्प्युटर बदलत आहेत. म्हणून तीन गोष्टी सांगतो. नवे टाकण्याआधी आपला प्रिंटर, स्कॅनर त्यावर चालतो का ते पाहा, आणि चालेपर्यंत जुने पुसू नका. ड्रायव्हरची फाइल वस्तूच्या नावानिशी दोन ठिकाणी ठेवा. फोटो आणि कागद जेपेगसारख्या सर्वत्र उघडणाऱ्या प्रकारात ठेवा, शिवाय एक छापील प्रत काढा.

आणि घरात जुनी पत्रे असतील तर या दिवाळीला गावी गेल्यावर मोबाइलने त्यांचे फोटो काढा. त्याला ड्रायव्हर लागत नाही. अडले तर मला हाक मारा, मी येईन. माझी ४१ पत्रे आज माझ्या मुलीच्या मोबाइलमध्ये आहेत. उरलेल्या पत्रांत आजोबांनी काय लिहिले होते, ते आता कुणालाच सांगता येणार नाही.