पिशवीवर इंद्रायणी, आत काय?

घोटी म्हटलं की तांदूळ आठवतो. नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यातला भात इथल्या गिरण्यांत भरडला जातो. मुंबई-आग्रा महामार्गाने जाणारेही गाडी थांबवून इंद्रायणी वाणाचा तांदूळ घेतात. हा भात शिजताना घरभर वास सुटतो, शितं मऊ, किंचित चिकट होतात. पिशवीवर इंद्रायणी छापलं आणि आत दुसराच तांदूळ निघाला, तर हळहळत बसू नका. अशा विक्रीने प्रामाणिक गिरणीवाल्याचंही नाव खराब होतं.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मालाचा दर्जा किंवा प्रकार खोटा सांगणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावती न देणं हीसुद्धा. म्हणून पावती मागाच. तीवर वाणाचं नाव आणि वजन लिहून घ्या. दुकानदार दाद देत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. मुंबईकराला त्यासाठी नाशिक गाठावं लागत नाही; राहत्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, ती करायची मुदत दोन वर्षांची. तक्रार निकाली निघेपर्यंत उरलेला तांदूळ पिशवीसकट जपून ठेवा.