तापलेलं मडकं वाजवून बघताना

कुंभाराच्या दारात मडकं घेणारी बाई ते आधी कानाशी धरते आणि टिचकी मारते. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर ठेवून द्यायचं. डोळ्यांना न दिसलेली चीर कानाला कळते. आजचा विषय आहे प्रचंड आच सोसणारी सिरॅमिक कॉम्पोझिट, म्हणजे विमानाच्या इंजिनात आणि अवकाशयानाच्या पंखावर बसणारे पदार्थ. पण सांगायची गोष्ट त्या टिचकीचीच. हे पदार्थ किती अंश सोसतात याच्या बातम्या येतात. ते वाजवून कसे बघितले, हे कुणी विचारत नाही. विचारायला हवं.

अमेरिकेचं कोलंबिया अवकाशयान १६ जानेवारी २००३ला उडालं. ऐंशीएक सेकंदांनी इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. वजन जेमतेम पाऊण किलो. ती कडा कार्बनचे तंतू कार्बनमध्येच बसवून, वर सिलिकॉन कार्बाइडचा थर चढवून केलेली होती. परतीच्या वाटेवरची दीड हजार अंशांच्या आसपासची आच सोसण्यासाठीच ती घडवलेली. आधीच्या २७ फेऱ्यांत यान सुखरूप उतरलंही होतं. १ फेब्रुवारीला मात्र त्याच कडेतून तापलेला वायू पंखात शिरला, आणि अंतराळवीर कल्पना चावला यांच्यासह सातही जण गेले.

इतका हलका फोम इतक्या कणखर कडेचं काय बिघडवणार, असं पुष्कळ जाणत्यांनाही वाटत होतं. मग ७ जुलै २००३ला टेक्सासमधल्या साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये वायूच्या दाबावर चालणाऱ्या तोफेतून साधारण तेवढाच तुकडा ताशी साडेआठशे किलोमीटरच्या वेगाने तसल्याच खऱ्या कडेवर मारला. सुमारे ४० सेंटिमीटरचं भगदाड पडलं! ही टिचकी माणसं गेल्यावर मारली गेली. आचेची परीक्षा झाली होती, एवढ्या घावाची झाली नव्हती.

आता हे पदार्थ बनतात कसे, ते चुलीवरून बघू. चूल घालताना नुसती माती घेत नाहीत. तीत भाताचं तूस नाहीतर घोड्याची लीद कालवतात. नुसती माती तापली की तडकते आणि चीर आरपार जाते. तूस असलं की चीर काडीपाशी येऊन अडते, वळते, दमते. सिरॅमिक कॉम्पोझिटमध्ये काडीच्या जागी सिलिकॉन कार्बाइडचा तंतू असतो, केसाहून कितीतरी बारीक. हे तंतू करण्याची वाट जपानच्या तोहोकू विद्यापीठातल्या सेइशी याजिमा यांनी १९७५च्या सुमारास दाखवली. तंतूवर बोरॉन नायट्राइडचा पातळ लेप देतात, थर रचतात आणि १४१४ अंशांना वितळणारं सिलिकॉन आत शोषवतात. लेप कशासाठी? तंतू भोवतालच्या सिरॅमिकला फार घट्ट चिकटू नये यासाठी. घट्ट चिकटला तर चीर त्याच्यातूनही जाते. थोडा सैल राहिला तरच ती बाजूला वळते.

हेच सिरॅमिक २०१६पासून विमानाच्या लीप इंजिनाच्या टर्बाइनभोवतीच्या कड्यात बसतं. वजन निकेलच्या मिश्रधातूच्या एक तृतीयांश. आपल्याकडच्या अनेक ए ३२० निओ विमानांना हीच इंजिनं आहेत.

पण अडचण पुढेच आहे. मडक्याला चीर गेली की ते बद्द वाजतं. या पदार्थाला चिरा गेल्या तरी तो भार उचलतच राहतो, म्हणून साध्या टिचकीने भागत नाही. नमुना ताणताना त्याला संवेदक चिकटवतात. आत चीर पडताना, तंतू तुटताना जी अतिसूक्ष्म कंपनं उठतात, ती हे संवेदक टिपतात. माणसाच्या कानाच्या पलीकडची टिचकी!

आणि आच कोणती, तेही महत्त्वाचं. सर्वांत मोठ्या आचेवर टिकलं म्हणजे सगळीकडे टिकलं, असं नाही. खूप तापल्यावर पृष्ठभागावर काचेसारखी सिलिका धरते आणि बारीक चिरा बुजवते. सातशे-आठशे अंशांवर ती फार हळू धरते. तोवर ऑक्सिजन चिरेतून आत जाऊन तंतूवरचा तो मोलाचा लेप खातो. भडकलेल्या चुलीपेक्षा मंदावलेली चूल घातक, असा हा प्रकार. पुन्हा सांगायला हवं: जिथे वापरायचं, तिथली आच, तिथला घाव, तिथली हवा, सगळ्यांत वाजवून बघायला हवं.

हवेवरून आठवण झाली ती वाफेची. इंजिनात इंधन जळताना पाण्याची वाफ होते, आणि ती सिलिकाची वाफ करून उडवते. म्हणून चुलीला पोतेरं फिरवावं तसा यटर्बियम सिलिकेटसारखा लेप वरून देतात. हे पोतेरं रोज फिरवता येत नाही. एकदा दिलं की हजारो तास टिकायला हवं. त्यासाठी नमुने वाफेने भरलेल्या भट्टीत तापवायचे, बाहेर काढून निववायचे, पुन्हा आत घालायचे, असे फेरे चालतात.

आपल्याकडेही असं वाजवून बघणं चालतं. इस्रोने पीएसएलव्ही या प्रक्षेपकाच्या चौथ्या टप्प्यासाठी कार्बन-कार्बनचं नॉझल केलं, सिलिकॉन कार्बाइडचा लेप देऊन. २०२४च्या मार्च-एप्रिलमध्ये महेंद्रगिरीला ते खऱ्या इंजिनावर, उंचावरच्या विरळ हवेसारख्या स्थितीत, आधी ६० सेकंद आणि मग २०० सेकंद चालवून पाहिलं.

आणि घावाची टिचकी? कोलंबियानंतर अमेरिकेचं पुढचं यान, डिस्कव्हरी, २६ जुलै २००५ला उडालं. त्याच्या प्रत्येक पंखाच्या कडेमागे ६६ संवेदक बसवले होते, उड्डाणात काही आदळलं तर तो धक्का टिपायला. आणि कक्षेत पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी लांब दांडीवरच्या कॅमेऱ्याने आणि लेसरने ती कडा इंच इंच तपासली गेली.