गिरणी एका घराची, नाव साऱ्या मुलखाचे



आपल्या मुलामुलींनी नोकरीकडेच डोळे लावून न बसता उद्योगधंद्यात उतरावे, असे आपण नेहमी म्हणतो. पण मोठ्या कारखानदारांच्या गर्दीत छोटा धंदा टिकतो कसा, हे उदाहरणाने सांगणारे थोडे. म्हणून आज लोकरीच्या धंद्यातील दोन उदाहरणे आपणासमोर ठेवतो. दोन्ही ब्रिटनमधील आहेत, पण त्यांतून निघणारा प्रश्न आपल्याही दाराशी आलेला आहे. मुलखाच्या नावावर माल विकला जातो तेव्हा ते नाव कुणाच्या मालकीचे असते, हा तो प्रश्न.

वेल्सच्या पेम्ब्रोकशायर परगण्यात ‘मेलिन ट्रेग्विंट’ नावाची लोकरीची छोटी गिरणी आहे. ‘मेलिन’ म्हणजे वेल्श भाषेत गिरणीच. 1912 मध्ये हेन्री ग्रिफिथ्स यांनी ती विकत घेतली आणि पुढे तीन पिढ्या ती त्याच घराण्याने चालवली. तेव्हा वेल्समध्ये अशा गिरण्या गावोगावी होत्या. दक्षिणेकडील कोळसा खाणींतल्या कामगारांना फ्लॅनेलचे सदरे लागत, त्यावर त्या जगत. पहिल्या महायुद्धानंतर भाव कोसळले, आणि एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. आज चालू असलेल्या बोटांवर मोजता येतील. एकेकाळी गजबजलेल्या द्रेवाख फेलिंद्रे गावातील एका गिरणीत तर आता लोकर उद्योगाचे राष्ट्रीय संग्रहालय आहे.

मग ट्रेग्विंटची गिरणी का वाचली? छोट्या गिरणीचे गणित मोठीपेक्षा वेगळे असते, हे आधी ध्यानात घ्या. मागावर ताणा चढवायला जो वेळ जातो, तो दहा वार विणा की हजार वार विणा, तेवढाच लागतो. रंगाचा घाणाही ठराविक वजनाखाली परवडत नाही. म्हणजे थोड्या मालाला वारी खर्च जास्तच येणार. स्वस्ताईच्या शर्यतीत उतरली की छोटी गिरणी संपली! तिने असेच काही विणले पाहिजे, जे दुसरीकडे सहज मिळत नाही. वेल्समध्ये ती वस्तू म्हणजे दुहेरी विणीचे ब्लँकेट. दोन कापडे एकाच वेळी विणली जाऊन नक्षीच्या जागी एकमेकांत गुंततात, त्यामुळे एका बाजूला जो रंग नक्षीचा, तोच दुसऱ्या बाजूला जमिनीचा. 1960 च्या दशकात पर्यटकांनी ही ब्लँकेटे उचलून धरली. लोक नुसते ब्लँकेट नेत नव्हते, वेल्सची आठवण घेऊन जात होते. 2022 मध्ये ग्रिफिथ्स कुटुंबाने गिरणीची मालकी कामगारांसाठीच्या न्यासाकडे सोपवली. माझ्या मते 110 वर्षांतला हा सर्वांत मोठा निर्णय होय.

आता नावाकडे येऊ. स्कॉटलंडच्या वायव्येस आउटर हेब्रिडीज ही बेटे आहेत. तेथील ‘हॅरिस ट्वीड’ हे जाड लोकरी कापड जगभर माहीत आहे. त्याचे नाव वापरून दुसरीकडचा माल खपू लागला, तेव्हा 1909 मध्ये बेटांवरील उत्पादकांच्या हितासाठी संघटना स्थापन झाली आणि गोल व क्रूस असलेली खूण नोंदवली गेली. 1993 मध्ये ब्रिटिश संसदेने स्वतंत्र कायदाच केला. लोकर याच बेटांवर रंगवलेली व कातलेली असावी, कापड विणकराने आपल्या घरी, हातमागावर विणलेले असावे, आणि अखेरची धुलाई-सफाईही येथेच व्हावी, तरच ते हॅरिस ट्वीड. गिरणी सूत पुरवते, विणकर घरी पायाने माग चालवतो, कापड पुन्हा गिरणीत येते, तपासले जाते आणि मगच त्यावर शिक्का उमटतो.

या कायद्याचा कस 2006 च्या अखेरीस लागला. ज्या गिरणीतून बहुतांश उत्पादन होई, ती बाहेरच्या एका उद्योजकाने विकत घेतली. त्याने हजारो नमुने बाद करून फक्त चार ठेवले, आणि कापड इतरांना विकण्याऐवजी स्वतःच्या कोटांसाठी राखले. विणकरांचे माग थंडावले. पण बघा, त्याने गिरणी विकत घेतली, नाव त्याला विकत घेता आले नाही! नाव कायद्याने स्थापन केलेल्या प्राधिकरणाकडे होते. त्यामुळे 2007 मध्ये शॉबोस्ट गावची बंद गिरणी दुसऱ्या कंपनीने सुरू केली, तिलाही तोच शिक्का मिळाला, आणि विणकरांच्या दारी पुन्हा सूत येऊ लागले. नाव मालमत्तेसोबत विकले गेले असते, तर त्या बेटांवर काय उरले असते?

आपल्याकडे भौगोलिक निर्देशनाचा कायदा 1999 मध्ये झाला आणि 2003 पासून अमलात आला. कोल्हापुरी चप्पल त्यात नोंदलेली आहे. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे मिळून ते क्षेत्र आहे, आणि नोंदणी दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे. जून 2025 मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच चपला मांडल्या, तेव्हा गदारोळ झाला आणि कंपनीला मूळ भारतीय कारागिरीचे हे ऋण मान्य करावे लागले. ते योग्यच झाले. परंतु वर्तमानपत्रातल्या बातमीने कारागिराच्या हाती कागद येत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, कायद्यातील एक तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते. मालाचे नाव नोंदले गेले, म्हणजे प्रत्येक कारागिराला आपोआप हक्क मिळत नाही. त्याने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतःचे नाव स्वतंत्रपणे नोंदवावे लागते. नोंदणी दहा वर्षांची असते, मग नूतनीकरण करावे लागते. नवीन मालासाठी अर्ज करायचा तर एकट्या व्यापाऱ्याला करता येत नाही, उत्पादकांची संघटना वा त्यांचे हित पाहणारी संस्था लागते. नोंदणी कार्यालय चेन्नईला आहे. चप्पल शिवणाऱ्या, घोंगडी विणणाऱ्या माणसाला हे फॉर्म भरून देणारे हात हवे आहेत. आपल्यापैकी वाणिज्य आणि कायदा शिकणाऱ्यांनी येत्या सुट्टीत आपापल्या गावी किती कारागिरांची अशी नोंद झालेली आहे, एवढे पाहून यावे.