कातड्यावरचा कित्ता



‘कलावंत आणि घरचा वारसा’ हा विषय आपण मला दिलात. चेन्नईत या विषयावर बोलताना राजा रविवर्म्याचे नाव घेणे सोपे होते. परंतु मी आपल्या अपरिचित भाऊबंदांविषयी बोलणार आहे.

तमिळनाडूत ‘तोल्पावैक्कूत्तु’ हा छायाबाहुल्यांचा खेळ आहे. तोल म्हणजे कातडे, पावै म्हणजे बाहुली, कूत्तु म्हणजे नाट्य. तो करणाऱ्या मंडीकर कुटुंबांची घरातली भाषा मराठी आहे! व्यंकोजीराजांनी १६७६च्या सुमारास तंजावर घेतले. १८५५मध्ये शेवटचे शिवाजीराजे निवर्तले आणि राज्यही गेले. या घरांत मात्र मराठी राहिली. पडद्यावरचा राम तमिळ बोलतो. पडद्यामागे बापलेक मराठीत बोलतात.

बकऱ्याचे कातडे स्वच्छ करून, ताणून वाळवायचे. त्यावर जुनी बाहुली ठेवून रेघ ओढायची. टोच्याने दागिन्यांची भोके पाडायची. मग रंग भरायचे. मागून दिव्याचा उजेड आला की रावणाचा मुकुट झळकू लागतो. आजोबांची बाहुली हाच नातवाचा कित्ता.

कोकणात कुडाळजवळच्या पिंगुळीतही हेच दिसते. तेथील ठाकर समाजात चित्रकथीच्या चित्रसंचाला ‘पोथी’ म्हणतात. कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्याही तेथे आहेत. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्याचेच संग्रहालय केले. २०२१मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पिंगुळी आणि तंजावर यांचे रक्ताचे नाते जोडण्याचा मोह मात्र मी आवरतो. दोन्हीकडे चित्र भिंतीसाठी नसून कथा सांगण्यासाठी आहे, एवढे साम्य मला पुरेसे वाटते.

चित्रपट आणि दूरदर्शन आल्यावर खेळाची मागणी घटली. अडचणीतल्या घरातून जुनी बाहुली संग्राहकाकडे गेली की चार पैसे मिळतात, पण कित्ता जातो. मग पुढच्या मुलाने रेघ कशावरून ओढावी? संग्रहालयांनी जुने जपावे हे योग्यच. तथापि नवी बाहुली करायला निमित्त लागते, आणि ते निमित्त म्हणजे खेळाचे आमंत्रण.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात एक खेळ आपल्या सभागृहात व्हावा, अशी माझी विनंती आहे. बिदागी इतर कलावंतांना देतो तेवढीच द्यावी. खेळ तमिळमध्येच होऊ द्या. आपल्या मुलांना तो कळेल, थोरांनी त्यांना अर्थ विचारावा. खेळ संपल्यावर पडद्यामागे जाऊन त्या मंडळींशी मराठीत बोलावे.