गादी एकाची, हक्क सर्वांचे

(लहान व्यापाऱ्यांसाठी मृत्युपत्र आणि उत्तराधिकार या विषयावरील व्याख्यान)



व्यापारी माणूस गोदामातील मालाचा आगीचा विमा दरवर्षी न चुकता उतरवितो. तसे केल्याने आग लागेल, असे त्याच्या मनातही येत नाही. मात्र मृत्युपत्राचा विषय घरात निघाला की, 'भरल्या घरात अशुभ कशाला बोलता?' असे म्हणून तो मिटविला जातो. परिणामी, आयुष्यभर पै-पैचा हिशेब ठेवणारा मनुष्य जाताना सर्वांत मोठा हिशेब अपुरा ठेवून जातो, आणि तो पुरा करण्याचे काम दुःखात बुडालेल्या पत्नीवर व मुलांवर येऊन पडते.

घर, दागिने व ठेवी यांची वाटणी उशिरा झाली तरी त्या वस्तू जागच्या जागी राहतात. दुकानाचे तसे नसते. दुकान बंद राहिलेल्या प्रत्येक आठवड्यात गिऱ्हाईक दुसऱ्या दाराशी जाते, उधारी थकते आणि माल जुना होतो. म्हणून लहान व्यावसायिकाच्या मृत्युपत्राचा विचार नोकरदाराच्या मृत्युपत्राहून थोडा निराळा करावा लागतो.

मालकाबरोबर काय संपते?

आपल्याकडील बहुसंख्य दुकाने एकमालकीची असतात. पाटीवर आजोबांचे नाव असो वा 'आणि सन्स' असे लिहिलेले असो, कायद्याच्या दृष्टीने मालक आणि पेढी या दोन निराळ्या व्यक्ती नव्हेत. मालकाच्या निधनाची खबर मिळताच बँक त्याच्या सहीचे धनादेश वटविणे थांबविते. 'मुलाच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवले आहे' या विश्वासावर अनेकजण निर्धास्त असतात. परंतु मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर ते मुखत्यारपत्रही संपुष्टात येते. नेमक्या ज्या दिवशी त्याची गरज भासते, त्याच दिवशी तो कागद निरुपयोगी ठरतो.

वस्तू व सेवा कराची नोंदणी मालकाच्या पॅनवर असते. वारसाला व्यवसाय पुढे चालवावयाचा असेल तर त्याने स्वतःच्या पॅनवर नवी नोंदणी घ्यावी लागते. जुन्या खात्यातील शिल्लक करजमा आयटीसी-०२ या नमुन्याद्वारे त्याच्याकडे वर्ग होऊ शकते. मात्र व्यवसाय पुढे चालविणारा वारस पूर्वीच्या थकीत कराचीही जबाबदारी घेतो, हे अनेकांना नोटीस आल्यावरच कळते.

मृत्युपत्र नसेल तर

मृत्युपत्र न करता निधन झाल्यास जैन समाजाला हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ लागू होतो. केंद्र शासनाने २०१४ साली जैनांना अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले, तरी त्याने वारसाहक्काच्या कायद्यात काही बदल झालेला नाही. या कायद्यानुसार पुरुषाच्या पश्चात त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई यांना स्वकष्टार्जित मिळकतीत समान हिस्सा मिळतो. वडिलांचे नाव या पहिल्या वर्गात नाही.

हे प्रत्यक्षात कसे घडते, यासाठी एक काल्पनिक उदाहरण घ्यावे. सांगलीच्या बाजारात हळदीची अडत करणारा एक व्यापारी आहे. घरी पत्नी, वृद्ध आई, दोन मुलगे व एक मुलगी. थोरला पंधरा वर्षे वडिलांबरोबर गादीवर बसतो, धाकटा पुण्यात नोकरीला आहे आणि मुलगी विवाह होऊन सोलापुरास गेली आहे. धंद्यातील भांडवल, माल व येणे मिळून, देणे वजा जाता ५० लाख रुपये. मालकीचा गाळा ४० लाखांचा. राहते घर ६० लाखांचे. सर्व मिळकत स्वकष्टाची, एकूण १ कोटी ५० लाख. वारस पाच, म्हणून प्रत्येकाचा हिस्सा ३० लाख.

आता थोरल्याची स्थिती पाहावी. त्याची उपजीविका ज्यावर आहे तो धंदा आणि गाळा मिळून ९० लाखांचा. त्याचा स्वतःचा हक्क ३० लाखांचा. उरलेले ६० लाख त्याने आणावयाचे कोठून? गाळा विकला तर धंदा बुडतो. न विकला तर इतरांचा हिस्सा अडतो. यात कोणी लोभी नाही, कोणी दुष्ट नाही. तरीही दोन वर्षांत भाऊ भावाशी बोलेनासा होतो.

अशा वेळी सर्वांत सोपा मार्ग म्हणून बहिणीकडे पाहिले जाते. दुखवटा संपण्यापूर्वीच हक्कसोडपत्राचा कागद तिच्यासमोर येतो. माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याची अट नाही, असा निर्वाळा दिला. तरीही हक्क आणि माहेर यांतून एकाची निवड करण्याची पाळी तिच्यावर येते. ही पाळी तिच्यावर भाऊ आणतो असे वरवर दिसते. वास्तविक ती आणतो निर्णय न घेता गेलेला पिता.

दोन प्रश्न, दोन उत्तरे

या सर्व गुंत्याचे मूळ एकच आहे. 'धंदा कोणी चालवावयाचा?' आणि 'धंद्याच्या किमतीवर हक्क कोणाचा?' हे दोन निराळे प्रश्न आहेत. मृत्युपत्र नसते तेव्हा कायदा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, पहिल्याचे देत नाही. घरातील रूढी बहुधा पहिल्याचे उत्तर देते आणि दुसरा प्रश्न दडपून टाकते. शहाण्या व्यापाऱ्याने दोन्ही प्रश्नांची उत्तरे स्वतंत्रपणे आणि लेखी द्यावीत.

वरील उदाहरणातील व्यापाऱ्याला पुढीलप्रमाणे लिहिता येईल. चालता धंदा, पेढीच्या नावासह, येणे व देणे दोन्हींसह, संपूर्ण थोरल्याकडे. गाळ्याची मालकी धाकटा व मुलगी यांच्याकडे निम्मी-निम्मी. मात्र थोरल्यास ठरलेल्या भाड्याने दहा वर्षे तो वापरण्याचा हक्क आणि विक्री झाल्यास प्रथम खरेदीचा हक्क. राहते घर पत्नीच्या मालकीचे; त्यात आईला तहहयात राहण्याचा व पोटगीचा हक्क. अशा रचनेत दुकानाचे दार एक दिवसही बंद राहत नाही, बहिणीला दरमहा भाडे मिळते आणि आईला मुलांपुढे हात पसरावा लागत नाही. दुसरा मार्ग असा की, गाळाही थोरल्याला द्यावा आणि भावंडांची रक्कम ठराविक वर्षांत, ठराविक हप्त्यांनी देण्याचे बंधन त्याच्यावर घालावे. वाटणी रुपयाला रुपया समान असलीच पाहिजे असे नाही. ती असमान असेल तर कारण मृत्युपत्रात दोन ओळींत लिहिलेले असावे. कारण कळले म्हणजे कमी मिळाल्याचे दुःख बरेच हलके होते.

एक मर्यादा ध्यानात ठेवावी. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत कर्त्याला केवळ स्वतःच्या हिश्श्यापुरते मृत्युपत्र करता येते. संपूर्ण मिळकत आपलीच समजून केलेले मृत्युपत्र तेवढ्यापुरते निष्फळ ठरते.

भागीदारी, भाड्याचा गाळा आणि नामनिर्देशन

भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ४२ प्रमाणे, करारात अन्यथा ठरले नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते. म्हणून 'एकाच्या निधनाने पेढी बंद होणार नाही' हे कलम करारपत्रात असावयास हवे. परंतु भागीदार दोनच असतील तर हे कलमही पेढीला वाचवू शकत नाही, कारण एकट्याची भागीदारी असूच शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली हे स्पष्ट केले आहे. दोन भावांच्या पेढीत वेळीच तिसरा भागीदार घेणे हाच त्यावरील उपाय होय. गेलेल्या भागीदाराच्या हिश्श्याची किंमत कशी ठरवावयाची, नावलौकिकाचे मूल्य धरावयाचे की नाही आणि रक्कम किती मुदतीत द्यावयाची, हेही करारात लिहावे.

गाळा भाड्याचा वा पागडीचा असेल तर अधिक सावध राहावे. भाडे नियंत्रण कायद्याखालील भाडेकरूचा हक्क मृत्युपत्राने परक्यास देता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली व्यापारी जागेच्या संदर्भातच दिला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार, भाडेकरूच्या मृत्यूसमयी त्या जागेत त्याच्याबरोबर व्यवसाय करणाऱ्या कुटुंबीयास प्राधान्य मिळते. जो दुकान चालविणार आहे त्याचे नाव हयातीतच व्यवसायाच्या कागदोपत्री यावे, यासाठी एवढे कारण पुरेसे आहे.

नामनिर्देशनाविषयी तर फारच गैरसमज आहे. बँक ठेवी किंवा शेअर यांवर नाव लावले म्हणजे ती व्यक्ती मालक होते, असे नव्हे. ती रक्कम स्वीकारणारी विश्वस्त असते; मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात नमूद व्यक्तीची. शेअरबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले. आयुर्विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, पती-पत्नी व मुले यांचे नाव असल्यास ती रक्कम सामान्यतः त्यांचीच होते. बँक खात्यात १ नोव्हेंबर २०२५ पासून चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. मृत्युपत्र आणि नामनिर्देशने यांत विसंगती राहू नये, याची काळजी घ्यावी.

मृत्युपत्राची पद्धत

मृत्युपत्र साध्या कागदावर करता येते; त्यास मुद्रांक शुल्क नाही आणि नोंदणीही ऐच्छिक आहे. सज्ञान व स्वस्थचित्त व्यक्तीची सही आणि किमान दोन साक्षीदारांचे साक्षांकन एवढे अनिवार्य. प्रत्येक साक्षीदाराने ती सही होताना पाहिलेली असावी, किंवा सहीची कबुली प्रत्यक्ष ऐकलेली असावी, आणि त्याने मृत्युपत्र करणाऱ्याच्या समक्ष सही करावी. पुढे वाद झाल्यास एका तरी हयात साक्षीदारास न्यायालयात यावे लागते. म्हणून साक्षीदार वयाने लहान, विश्वासू आणि ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार नाही असे असावेत. उतारवयात डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे. नोंदणी केल्यास संशयाला जागा कमी राहते. एक्झिक्युटर म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी व्यक्ती नेमावी आणि तिला तसे आधी सांगावे. मुंबई शहरातील मिळकतीसाठी पूर्वी प्रोबेट सक्तीचे होते. डिसेंबर २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने ती सक्ती रद्द झाली. वादाचा संभव असेल तेथे मात्र प्रोबेट घेणे आजही हिताचे ठरते.

डोक्यातील वही कागदावर

मृत्युपत्र कितीही काटेकोर असले, तरी मालकाच्या डोक्यात असलेली वही त्यात येत नाही. कोणाकडे किती उधारी, कोणत्या शेतकऱ्याला हातउसने दिलेले, कोणाचे घेतलेले, कोठे जामीन राहिलेले, हे बहुधा त्याच्या एकट्याच्याच स्मरणात असते. विकलेल्या मालाच्या रकमेसाठी दावा लावण्याची मुदत साधारणतः तीन वर्षांची आहे, आणि मृताचे येणे न्यायालयामार्फत वसूल करावयाचे तर वारसांना उत्तराधिकार प्रमाणपत्र किंवा प्रोबेट दाखवावे लागते. कागद नसेल तर गिऱ्हाईक सज्जन असूनही रक्कम विसरते. सज्जन नसेल तर विचारावयासच नको.

देण्यांची नोंद येण्यांइतकीच महत्त्वाची आहे. मृताच्या सामान्य कर्जाबद्दल वारसांची जबाबदारी मिळालेल्या मिळकतीपुरतीच असते. परंतु खरे देणे कोणते आणि खोटे कोणते, हे नोंदीवाचून पत्नीने ओळखावयाचे कसे? म्हणून येणे, देणे, जामिनकी, विमा, लॉकर, करसल्लागाराचे नाव, तसेच ज्या मोबाइल क्रमांकावर बँकेचे व कराचे संदेश येतात तो क्रमांक, यांची एक यादी करून ती कोठे आहे हे पत्नीला आणि आणखी एका विश्वासू व्यक्तीला सांगून ठेवावे. मृत्यूनंतर घाईने तो मोबाइल क्रमांक बंद करू नये.

ही यादी व मृत्युपत्र वर्षातून एकदा तपासावे. त्यासाठी दिवाळीच्या वहीपूजनासारखा उत्तम मुहूर्त नाही. त्या दिवशी घरातील सर्वजण एकत्र असतात, मुलगीही भाऊबीजेला येणार असते. नव्या वहीवर कुंकू वाहिल्यानंतर घरच्यांना जवळ बसवून, काय ठरविले आहे आणि का, हे पित्याने स्वमुखाने सांगावे. कोणाचा आक्षेप असेल तर तो ऐकून घ्यावा. आवश्यक वाटल्यास मृत्युपत्र बदलावे, कारण शेवटच्या श्वासापर्यंत तो अधिकार त्याचाच आहे. बापाने हयातीत दिलेले उत्तर मुलांना पटले नाही तरी ते त्याच्याशी भांडू शकतात. त्याच्या पश्चात त्यांना एकमेकांशीच भांडावे लागते.