वाचकाचें मत

ग्रंथाची योग्यता पंडित ठरवितात; पण तो पुन्हा उघडावा कीं नाहीं, हें वाचकच ठरवितो. या एकाच कसोटीवर मराठींतील तीन निरनिराळीं पुस्तकें घांसून पाहावीं.

वरसईचे भिक्षुक विष्णुभट गोडसे द्रव्यार्जनासाठीं उत्तरेकडे गेले आणि १८५७ च्या बंडांत सांपडले. झांशीचा वेढा त्यांनीं आंत राहून पाहिला. त्यांचा 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केला. मिळविलेलें द्रव्य लुटलें गेलें, गंगाजल मात्र घरीं पोहोंचलें, हें वाचून वाचक स्तब्ध होतो.

त्रिंबक नारायण आत्रे हे महसूल खात्यांतील अधिकारी. त्यांचा 'गांवगाडा' १९१५ सालचा. बलुतेदार, वतनें, देणीं-घेणीं यांची इतकी बारीक माहिती दुसरीकडे विरळाच. फिरस्त्या जातींविषयींची त्यांतील कठोर भाषा मात्र पटत नाहीं. ती पटवून घेण्याचें कारणही नाहीं. पुस्तक आवडलें म्हणजे त्याचें प्रत्येक मत मान्य झालें, असें नव्हे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रें'चा पहिला भाग १९३४ सालीं निघाला. पतीनें धर्मांतर केलें, संसार दुभंगला. तरी लिहितांना बाई स्वतःलाच हंसतात. तिन्हींत पहिला मान वाचक यांनाच देईल.

लेखणीवर पोट भरणारें यांत कोणीच नाहीं. जें पाहिलें, जें सोसलें, तेंच त्यांनीं लिहिलें. वाचकानेंही तसेंच करावें. मत उसनें घेऊं नये, पुस्तक उघडून स्वतः बनवावें.